देवराईतील एक पाठ

कान्हे व आसपासच्या मावळातील शाळांना जुन्या वृक्षांचा परिचय करून देण्यासाठी दूर जावयास नको. पवन मावळात अजिवलीची देवराई आहे. काही गावांना स्वतःची लहानशी राईही आहे. देवाच्या नावाने राखलेल्या वनातून काटकीही न्यावयाची नाही, हा दंडक मुलांना घरीच कळलेला असतो. तो कशासाठी, हे मात्र शिक्षकाने त्यांच्याकडून शोधवून घ्यावयाचे आहे.

या कामी घाट उतरून कोकणातले एक उदाहरण सांगावे. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावी काळकाईची राई आहे. १९७० नंतरच्या दशकात श्री. माधव गाडगीळ व श्री. वा. द. वर्तक महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी करीत होते. राई तोडली जाणार असे कळताच ग्रामस्थांनी ती वाचविण्यासाठी त्यांचे साहाय्य मागितले. गावाचा बारमाही ओढा त्या राईतून निघे. शिवाय तेथे गारंबीची एक प्रचंड वेल होती. गुरांना सर्पदंश झाल्यास तिची साल नेण्यास दूरदूरचे लोक येत. (साल गुणकारी होती की नाही, हा प्रश्न निराळा.)

ओढ्याचे कारण मुलांना प्रत्यक्ष पाहता येते. तांब्याभर पाणी प्रथम शाळेच्या पटांगणावर ओतावे. तेवढेच राईच्या कडेला पाचोळ्याखालच्या भुसभुशीत मातीवर ओतावे, व मुरण्यास लागणारा वेळ मोजावा. पटांगणावर पाणी वाहून जाते, राईत ते जागीच जिरते. मावळात पाऊस उदंड. तो उतारावरून नदीला न जाता झऱ्यासाठी जमिनीत कसा राहतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सुतळीने हिरडा, जांभूळ, आंबा यांचे घेर मोजण्यास हरकत नाही. परंतु घेरावरून वय सांगण्याचा मोह टाळावा, कारण सर्व झाडे सारख्या वेगाने वाढत नाहीत.

सहलीपूर्वी गावातील वडीलधाऱ्यांची अनुमती घ्यावी व तेथील रीत पाळावी. जुन्या उघड्या ठाण्याच्या जागी मोठे देऊळ बांधताना राईच तोडल्याची उदाहरणे अलीकडे घडली आहेत. वरच्या वर्गांत हा विषय अवश्य काढावा, मात्र कोणाच्या श्रद्धेचा उपहास होऊ देऊ नये.

पहिली भेट मार्गशीर्षात ठेवावी. दुसरी वैशाखात, त्या वेळी झऱ्याला पाणी आहे की नाही, हे मुलांनी स्वतः पाहून वहीत लिहावे.