दौडीआधी बैठकीत घ्यायचा विषय : कडी वाजवा

महिला दिनाच्या दौडीला यंदा घरच्या माणसांनाही आणायचंय. ताई-मावशींनो, त्याआधी बैठकीत एवढं बोलून घ्या. शेजारी मारहाणीचा आवाज आला की आपण "त्यांच्या घरातलं भांडण" म्हणून दार लावून घेतो. २००८ साली 'बेल बजाओ' मोहीम निघाली. तिच्या जाहिरातीत क्रिकेट खेळणारी पोरं अशा घराची बेल वाजवून चेंडू मागतात. बेल वाजवणारे पुरुष आणि पोरं होते, म्हणून तर घरच्यांना आणायचं! वस्तीवर बेल कुठली? कडी वाजवा, विरजण मागा. दोघी-तिघी मिळून जा. फार पेटलं असेल तर आत न जाता ११२ लावा.

"आपल्यावरच केस आली तर?" हे कुणीतरी विचारतंच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ नुसार संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही कळवू शकतं. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही.

नंतर तिला एकटीला गाठा. "सांभाळून घे बाई" नको. तिला काय हवंय ते विचारा. १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर तिला द्या. आणि बचत चुकली म्हणून दंड लावण्याआधी ती बैठकीला का आली नाही, हेही बघा.