‘गांधी’ चित्रपट आणि वेशभूषेचे ऑस्कर

११ एप्रिल १९८३ च्या रात्री लॉस एंजेलिस येथील डोरोथी चँडलर पॅव्हेलियन ह्या नाट्यगृहात अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा ५५ वा पारितोषिक समारंभ पार पडला. सर रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ ह्या चित्रपटास अकरा विभागांत नामांकने मिळाली होती. त्यांपैकी आठ विभागांत त्याने बाजी मारली. ह्या आठांपैकी वेशभूषेचे पारितोषिक जॉन मोलो आणि भानू अथय्या यांना संयुक्तपणे देण्यात आले. मूळच्या कोल्हापूरच्या श्रीमती अथय्या ह्या ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय होत. ही घटना आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. परंतु हे पारितोषिक नेमके कशासाठी, कोणी आणि कोणाला मागे सारून दिले, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

नामांकन म्हणजे काय?

ऑस्कर ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पारितोषिकांची निवड परीक्षकांचे एखादे लहान मंडळ करीत नाही. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या ह्या अकादमीचे सदस्य व्यवसायवार शाखांमध्ये विभागलेले असतात. अभिनयाची नामांकने अभिनेते ठरवितात, संकलनाची संकलक ठरवितात, संगीताची संगीतकार. वेशभूषाकार १९८३ साली कलादिग्दर्शकांच्या शाखेतच मोडत असत. त्यांची स्वतंत्र शाखा पुढे २०१३ मध्ये झाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र सर्वच शाखांचे सदस्य नावे सुचवितात. अशा रीतीने साधारणतः पाच-पाच नावे निश्चित झाली, की अंतिम मतदान होते आणि बहुतेक विभागांत ते सर्व सदस्यांना खुले असते.

ही दुपदरी पद्धत ध्यानात घेतली, म्हणजे नामांकनाचे मोल कळते. नामांकन ही त्या त्या कलेतील जाणकारांनी दिलेली पावती होय, तर अंतिम पारितोषिक हा संपूर्ण चित्रपटव्यवसायाचा कौल. दोन्ही वेळी निकष एकच असतो असे नाही. कापडाचा पोत आणि शिवणीची जात ओळखणारा सदस्य पहिल्या फेरीत मत देतो. दुसऱ्या फेरीत त्याच्या जोडीला ध्वनिलेखक, पटकथाकार, निर्माते असे सारेच येतात आणि त्यांच्यापुढे एकूण चित्रपटाचा ठसा अधिक असतो. एखादा चित्रपट लोकांच्या मनात भरला, की त्याच्या पदरात एकामागून एक पारितोषिके पडतात, ती याच कारणाने.

निकालाची गुप्तता हा ह्या समारंभाचा प्राण होय; पण ती प्रारंभापासून नव्हती. १६ मे १९२९ रोजी पहिला समारंभ झाला, तेव्हा विजेत्यांची नावे तीन महिने आधीच जाहीर झालेली होती. पुढे वृत्तपत्रांना निकाल आगाऊ कळविण्याची प्रथा पडली. तथापि १९४० मध्ये एका दैनिकाने ते समारंभापूर्वीच छापले आणि त्यानंतर मोहोरबंद पाकिटांची पद्धत आली. मते मोजण्याचे काम हिशेबतपासनीसांच्या संस्थेकडे असते. १९८९ पासून पाकीट उघडताना ‘विजेता आहे’ असे न म्हणता ‘ऑस्कर जात आहे’ असे म्हणण्याचा प्रघात पडला. उरलेल्या चौघांना पराभूत ठरवू नये, हा त्यामागचा हेतू होता.

१९८३ ची चुरस

त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत ‘गांधी’समवेत ‘ई.टी.’, ‘टूट्सी’, ‘मिसिंग’ आणि ‘द व्हर्डिक्ट’ हे चित्रपट होते. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई.टी.’ने लोकप्रियतेचे सारे उच्चांक मोडले होते. परग्रहावरील एका जिवाची आणि मुलांची ही कथा पारितोषिक नेईल, किंबहुना तिनेच ते न्यावे, असे खुद्द ॲटनबरो यांना वाटत होते व त्यांनी ते पुढे बोलूनही दाखविले. प्रत्यक्षात ‘ई.टी.’ला नऊ नामांकनांतून संगीत, ध्वनी, ध्वनिपरिणाम आणि दृश्यपरिणाम अशी चार पारितोषिके मिळाली. ‘टूट्सी’च्या दहा नामांकनांतून एकच फळाला आले, सहाय्यक अभिनेत्रीचे, जेसिका लँग यांचे. ‘फ्रान्सिस’ ह्या चित्रपटासाठी त्याच रात्री प्रमुख अभिनेत्रीच्या विभागातही त्यांचे नाव होते, परंतु ते पारितोषिक ‘सोफीज चॉइस’मधील भूमिकेसाठी मेरिल स्ट्रीप यांना गेले. जर्मन पाणबुडीतील खलाशांचे जीवन रंगविणारा ‘दास बूट’ सहा नामांकने घेऊन आला आणि रिकाम्या हाताने परतला. सहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक लुई गॉसेट यांना मिळाले. त्या विभागातील ते पहिले कृष्णवर्णीय विजेते.

प्रमुख अभिनेत्यांची यादी तर डोळे दिपविणारी होती. डस्टिन हॉफमन, जॅक लेमन, पॉल न्यूमन, पीटर ओटूल आणि पाचवे बेन किंग्जले. पहिले चौघे जगभर नावाजलेले. किंग्जले हे मुख्यतः इंग्लंडच्या रंगभूमीवरचे नट. त्यांचे मूळ नाव कृष्णा भानजी असून त्यांचे पितृकुल गुजराती. मान त्यांना मिळाला. ओटूल यांचे हे सातवे नामांकन होते. पुढे त्यांना आठवेही मिळाले, पण स्पर्धेतील ऑस्कर त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. २००३ मध्ये अकादमीने त्यांना सन्मानार्थ ते दिले.

‘गांधी’ची आठ पारितोषिके अशी : चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, मूळ पटकथा (जॉन ब्रायली), छायालेखन, कलादिग्दर्शन, संकलन आणि वेशभूषा. हुकलेली तीन म्हणजे ध्वनी, रंगभूषा व संगीत. पंडित रविशंकर आणि जॉर्ज फेंटन यांच्या संगीतास नामांकन होते, परंतु तेथे ‘ई.टी.’चे जॉन विल्यम्स सरस ठरले. रंगभूषेचा निकाल अधिक विचार करण्याजोगा आहे. एकाच नटाला ऐन पंचविशीतील बॅरिस्टरापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या महात्म्यापर्यंत नेण्याचे काम ज्या रंगभूषेने केले, तिला डावलून आदिमानवाच्या जीवनावरील ‘क्वेस्ट फॉर फायर’ची निवड झाली. त्या विभागात नामांकने दोनच होती. तेव्हा मतदारांनी ‘गांधी’ हे नाव दिसेल तेथे डोळे मिटून खूण केली, असे म्हणता येत नाही. वेशभूषेचा मान ओघाने आला, ही शंका म्हणूनच टिकत नाही.

वस्त्र हेच कथानक

वेशभूषेच्या विभागातील प्रतिस्पर्धीही सामान्य नव्हते. ‘ला त्राव्हियाता’चे पिएरो तोसी, ‘सोफीज चॉइस’चे अल्बर्ट वोल्स्की, ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’च्या पॅट्रिशिया नॉरिस, आणि संगणकाच्या जगातील चमकते पोशाख घडविणाऱ्या ‘ट्रॉन’च्या एलॉइस जेन्सन व रोझाना नॉर्टन. ऐश्वर्य, झगमगाट आणि कल्पकता ह्या बाबतीत ही नामांकने पुरेशी बोलकी होती. त्यांच्यासमोर होती साधी सुती वस्त्रे. ती का जिंकली?

याचे उत्तर गांधीजींच्या चरित्रातच आहे. वस्त्र हे ज्यांच्या राजकारणाचे साधन झाले, असे त्यांच्यासारखे पुढारी जगाच्या इतिहासात थोडेच. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ज्यांना आगगाडीतून उतरविण्यात आले, ते विलायती पोशाखातले बॅरिस्टर होते. १९१३ च्या सत्याग्रहात त्यांनी गिरमिटिया मजुरांचा वेष घेतला. ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावर ते उतरले, ते काठियावाडी अंगरखा आणि पागोटे घालून. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे परदेशी कापडाची होळी झाली आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबर रोजी मदुरा येथे त्यांनी सदरा, टोपी यांचा त्याग करून पंचा स्वीकारला. १९३१ मध्ये लंडनला राजवाड्यातही ते त्याच वेषात गेले. ह्या प्रत्येक टप्प्यावर एक वस्त्र गळून पडते आणि तो माणूस आपल्या देशातील गरिबाच्या एक पाऊल जवळ जातो. एरवी चित्रपटात पोशाख पात्राला शोभा देतात. येथे पोशाखांचा क्रम हाच पात्राचा विकास आहे. संवादांना जे सांगावयास वेळ लागला असता, ते पडद्यावर केवळ वेष पाहून कळते. ज्या प्रेक्षकाला चंपारण्य वा दांडी ही नावेही ठाऊक नव्हती, त्यालाही ते कळले.

कामाचा व्यापही तसाच होता. नोव्हेंबर १९८० ते मे १९८१ ह्या काळात चित्रण झाले. अर्धशतकाहून अधिक काळातील बॅरिस्टर, मजूर, शेतकरी, संस्थानिक, मुस्लिम लीगचे पुढारी, काँग्रेसचे कार्यकर्ते, आश्रमातील स्त्रिया, पठाण, लाठीधारी पोलीस यांना प्रांत, धर्म, स्थिती आणि साल यांनुसार वस्त्रे द्यावयाची होती. कामाची वाटणी स्थूलमानाने अशी होती : ब्रिटिशांचे पोशाख व लष्करी गणवेष मोलो यांच्याकडे, भारतीय वेष श्रीमती अथय्या यांच्याकडे. मोलो हे गणवेषांचे अभ्यासक. ‘स्टार वॉर्स’साठी त्यांना पूर्वी ऑस्कर मिळालेले होते. ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत अंत्ययात्रेचे दृश्य घेण्यात आले, त्यास तीन लाखांवर लोक जमले होते असे सांगितले जाते. एवढ्या जनसमुदायाला कोणी कपडे पुरवू शकत नाही. अशा वेळी कॅमेऱ्याजवळच्या लोकांचा वेष अचूक असावा आणि दूरच्या गर्दीत काळाशी विसंगत रंग उठून दिसू नये, एवढीच दक्षता घेता येते. आणि ती घेणे हेही वेशभूषाकाराचेच काम. नवे कापड नवे दिसू नये, वारंवार धुतलेले, उन्हात विटलेले वाटावे, ही तर ह्या कलेतील सर्वांत अवघड गोष्ट. ती साधली, की प्रेक्षकाचे तिकडे लक्षच जात नाही.

कोल्हापूर ते लॉस एंजेलिस

श्रीमती अथय्या यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापूर येथे राजोपाध्ये कुटुंबात झाला. वडील अण्णासाहेब चित्रकार होते आणि कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या चित्रनिर्मितीशी त्यांचा संबंध होता. मुलगी लहान असतानाच ते निवर्तले. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या भानुमतीबाईंची चित्रे १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात मांडली गेली होती. नियतकालिकांसाठी पोशाखांची रेखाचित्रे काढता काढता त्या वस्त्रयोजनेकडे वळल्या. ‘सी.आय.डी.’, ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘गाइड’, ‘आम्रपाली’ ह्या चित्रपटांच्या यशात त्यांच्या हाताचा वाटा आहे. त्यामुळे ‘गांधी’चे काम त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांच्या पाठीशी जवळजवळ तीस वर्षांचा अनुभव होता. भारताकडे जगाचे लक्ष वेधल्याबद्दल त्यांनी मंचावरून ॲटनबरो यांचे आभार मानले. भाषण चार वाक्यांपलीकडे गेले नाही.

ह्याच चित्रपटातील आणखी एका मराठी कलावतीची नोंद येथे करावयास हवी. कस्तुरबांची भूमिका करणाऱ्या रोहिणी हट्टंगडी यांना १९८३ मध्ये ब्रिटिश अकादमीने सहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक, मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून दिले. ऑस्करच्या नामांकनांत मात्र त्यांचे नाव नव्हते. भूमिका तीच, चित्रपट तोच; मतदार बदलले, की यादी बदलते. डॉ. श्रीराम लागू यांचे गोपाळ कृष्ण गोखले तर कोणत्याच यादीत आले नाहीत, म्हणून ते मराठी प्रेक्षकाच्या स्मरणातून पुसले गेलेले नाहीत.

प्रवेशिका आणि नामांकन यांतील गल्लत

‘गांधी’ इंग्रजीत असल्याने तो सर्वसाधारण विभागांत लढला. इतर भाषांतील चित्रपटांसाठी वेगळा विभाग आहे. त्यात प्रत्येक देश आपली एक प्रवेशिका पाठवितो आणि आलेल्या अनेक प्रवेशिकांतून पाचांना नामांकन मिळते. आपल्याकडे देशाची प्रवेशिका ठरलेल्या चित्रपटासही ‘ऑस्कर नामांकन’ लाभल्याचे सर्रास लिहिले जाते, ते चुकीचे आहे. ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि ‘कोर्ट’ (२०१५) हे मराठी चित्रपट भारताच्या प्रवेशिका होते. त्यांना नामांकन मिळाले नाही. ह्या विभागात नामांकन मिळविलेले भारताचे चित्रपट तीन : ‘मदर इंडिया’ (१९५८), ‘सलाम बॉम्बे’ (१९८९) आणि ‘लगान’ (२००२). अंतिम पारितोषिक अनुक्रमे इटली, डेन्मार्क आणि बोस्निया यांच्या चित्रपटांना गेले. ‘श्वास’च्या निर्मात्यांपुढे अमेरिकेतील प्रसिद्धीचा खर्च कसा पेलावा हा प्रश्न होता आणि त्यासाठी लोकांकडून निधी गोळा करण्यात आला होता, हे अनेकांना आठवत असेल. चित्रपट चांगला असला तरी मतदारांनी तो पाहिला पाहिजे, आणि तो त्यांना दाखविण्यास पैसा लागतो. ह्या व्यवस्थेची ही बाजू नामांकनांच्या यादीत दिसत नाही.

‘लगान’ची वेशभूषाही श्रीमती अथय्या यांचीच होती. तीसाठी आणि त्यापूर्वी ‘लेकिन’साठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ऑस्करची साडेतेरा इंच उंचीची ती सोनेरी प्रतिमा त्यांनी जवळजवळ तीस वर्षे मुंबईत आपल्याजवळ ठेवली. आपल्या पश्चात तिची नीट निगा राहावी म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ती अकादमीकडेच जतनासाठी परत पाठविली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.