नवी मोटार घेताना : शोरूमची निवड आणि भावाची बोलणी

कापडाचा व्यापारी नुसता मीटरचा भाव ऐकून सौदा करीत नाही. माल कुठे पोहोच, हमाली कोणाची, दलाली कोणाकडे, उधारी किती दिवसांची आणि रोखीला वटाव किती, हे सगळे तो विचारतो. सर्व खर्च धरून मीटर आपल्या दुकानात काय पडतो तो खरा भाव, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. हाच व्यापारी मोटार घ्यायला शोरूममध्ये गेला की मात्र काचेचे दार, थंडगार हवा आणि "सर, सर" म्हणणारा टाय घातलेला तरुण पाहून गडबडतो आणि "डिस्काउंट किती?" एवढेच विचारून सौदा पक्का करतो.

घर आणि दुकानानंतरची आपल्यापैकी बहुतेकांची हीच सर्वात मोठी खरेदी. शिवाय आपल्यात पुष्कळजण व्याजापासून दूर राहण्यासाठी कर्ज घेत नाहीत, वर्षानुवर्षे साठवलेली रक्कम एकदम मोजतात. अशा गिऱ्हाइकाने हिशोब अधिक नीट समजून घेतला पाहिजे. कारण ऐकून नवल वाटेल, पण एकरकमी पैसे देणाऱ्यालाच शोरूममध्ये अनेकदा कमी सूट सांगितली जाते.

शोरूमवाला कमावतो कोठे?

गाडीची एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते. त्यात डीलरचे कमिशन असते, पण सर्वसाधारण गाड्यांत ते एक आकडी टक्क्यांतच असते. त्यातून त्याला जागेचे भाडे, पगार आणि उभ्या मालावरचे बँकेचे व्याज भागवायचे असते. म्हणून तो गाडीच्या अवतीभवती कमाई शोधतो. विमा, कर्ज, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि पुढे वर्कशॉप, या त्याच्या खऱ्या नफ्याच्या जागा. कर्ज करून दिले की बँक किंवा फायनान्स कंपनी त्याला मोबदला देते. तुम्ही कर्ज घेतले नाही की ती कमाई बुडाली, म्हणून सूट कमी. आपल्याला हे उलटे वाटते, कारण आपल्या बाजारात रोखीला वटाव मिळतो आणि उधारीला भाव चढतो.

यावर उपाय असा की सुरुवातीलाच "कर्ज नको" म्हणून मोकळे होऊ नये. खोटेही बोलू नये. एवढेच म्हणावे की, "आधी गाडीचा भाव ठरू द्या, पैसे कसे द्यायचे ते नंतर बोलू." भाव कागदावर उतरला की मग सांगावे की रक्कम एकदम बँकेतून येईल. त्यानंतर सूट कमी करू लागला तर कारण विचारावे. "शून्य टक्के व्याज" अशी पाटी दिसली तर सरळ विचारावे की हीच गाडी आज पूर्ण पैसे देऊन कितीला? दोन्ही भावांत फरक निघाला तर तो फरक म्हणजेच व्याज, नाव काहीही द्या. हप्त्याच्या सौद्याचा शरई मसला उलेमांना विचारावा, मी फक्त हिशोब सांगतो आहे.

"कंपनीनेच मनाई केली आहे"

जास्त सूट मागितली की हे वाक्य ऐकू येते. ते नेहमीच बहाणा असते असे नाही. २३ ऑगस्ट २०२१ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकी कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सूट डीलरने देऊ नये अशी पद्धत कंपनीने चालवली होती, आणि कोणी देतो का हे पाहायला खोटे गिऱ्हाईक पाठवले जात होते, असे आयोगाने आपल्या निकालात म्हटले. सापडलेल्या डीलरला दंड होई. मूळ तक्रार मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा या विभागातील होती, म्हणजे आपल्याच भागातली. कंपनी या निकालाविरुद्ध अपिलात गेली. आपल्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. एक, सूट देणे हा डीलरचा व्यापारी हक्क आहे आणि मागणे हा आपला. दुसरी, रोख सूट द्यायला तो घाबरत असेल तर वस्तूच्या रूपाने मागावी. सीट कव्हर, मॅट, वाढीव वॉरंटी, किंवा पहिल्या दोन सर्व्हिसचे तेल-फिल्टर. जे मिळेल ते कोटेशनवर लिहून घ्यावे, तोंडी वायद्याला तेथे किंमत नसते. आपल्या बाजारात जबान चालते, शोरूममध्ये तीन महिन्यांत सेल्समनच बदललेला असतो.

कोटेशन ओळीओळीने वाचा

समजा ८ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी आहे. पहिला डीलर २०,००० सूट देतो. त्याच्या कागदावर आरटीओ ९६,०००, विमा ४६,०००, हँडलिंग ९,५००, ॲक्सेसरीज किट २४,०००, वाढीव वॉरंटी १५,००० आणि फास्टॅग १,००० असे लिहिले आहे. एकूण ९,७१,५००. दुसरा डीलर फक्त १२,००० सूट देतो, पण आरटीओ ९१,०००, बाहेरून घेतलेला तेवढाच विमा ३४,०००, फास्टॅग ६००, मॅट वगैरे ४,००० धरतो आणि हँडलिंग काहीच लावत नाही. एकूण ९,१७,६००. आता पहिल्याच्या वॉरंटीचे १५,००० आणि जादा ॲक्सेसरीजचे २०,००० वजा करा, कारण ती खरी वस्तू आहे. तरीही पहिला १८,९०० रुपयांनी महाग पडतो, आणि सूट मात्र त्याचीच मोठी!

आरटीओचा आकडा स्वतः पडताळता येतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीला एकरकमी कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यापुढे १३ टक्के आहे. डिझेलला १३, १४ आणि १५. सीएनजीचा दर वेगळा. म्हणजे ८ लाखांवर ८८,०००. नोंदणी शुल्क ६०० आणि स्मार्ट कार्डाचे २०० रुपये. कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १,५०० आणखी, जे तुम्हाला लागणारच नाहीत. अधिभार आणि टपाल धरून दोन-अडीच हजारांचा फरक समजू शकतो. त्याहून जास्त असेल तर म्हणावे, "सरकारी पावतीइतके देतो, पावती दाखवा." हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्ज हे कोणतेही सरकारी शुल्क नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च गिऱ्हाइकाने वेगळा का द्यावा? ते बेधडक नाकारावे. पुष्कळदा नुसते नाकारल्यानेच ती ओळ पुसली जाते.

विम्याबद्दल आपल्यातील काहींच्या मनात शंका असते, परंतु थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तो तीन वर्षांचा घ्यावा लागतो आणि त्याचे दर सरकार ठरवते. त्यामुळे त्या भागात घासाघीस होत नाही. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, आणि तो एकाच वर्षाचा घेतला तरी चालतो. शोरूममधूनच विमा घ्यावा असा कोणताही नियम नाही. "बाहेरचा विमा असेल तर कॅशलेस होणार नाही" असे सांगून घाबरवतात. खरे इतकेच की त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार हवा. तेवढे पाहून कंपनी निवडावी. दोन विम्यांची तुलना करताना गाडीची विम्यातील किंमत, म्हणजे आयडीव्ही, दोन्हीकडे सारखी आहे ना हे पाहावे. नव्या गाडीला ती एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के असते. ती खाली आणून हप्ता स्वस्त दाखवणे ही जुनी युक्ती.

जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तर तिचा भाव नव्या गाडीच्या भावात मिसळू देऊ नये. आधी बाहेर दोघा-तिघांना दाखवून ठेवावी. एक्स्चेंज बोनस कंपनीकडून येतो, तो जुन्या गाडीच्या भावाहून वेगळा लिहून मागावा.

शोरूम कोणते?

आमच्या मालेगावकडील माणसाला प्रश्न पडतो की धुळ्याला जावे, नाशिकला की इथल्याच लहान शाखेतून घ्यावी. राज्य एकच असल्याने कर सारखाच, आणि पत्ता मालेगावचा असेल तर नाशिकहून घेतलेल्या गाडीलाही एमएच-४१ नंबर मिळतो. तेव्हा तिन्हीकडून लेखी कोटेशन घ्यावे आणि एकाचे दुसऱ्याला दाखवावे. यात लाजण्यासारखे काही नाही, सुताच्या भावाला आपण रोज हेच करतो. मात्र भावाइतकेच वजन वर्कशॉपला द्यावे. वॉरंटीचे काम कंपनीच्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये होते, तरी वादाची वेळ आली की ज्याने गाडी विकली त्याच्याकडेच जावे लागते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वर्कशॉपच्या फाटकाशी अर्धा तास उभे राहावे. गाडी सोडायला आलेल्या चार लोकांशी बोलले की शोरूमच्या जाहिरातीपेक्षा जास्त कळते. टॅक्सी चालवणाऱ्यांना तर जरूर विचारावे, त्यांना एक दिवस गाडी उभी राहणेही परवडत नाही.

परराज्यात कर कमी म्हणून तिकडून गाडी घेण्याचा सल्ला कोणी देतो. तुम्ही राहता इथे, गाडी चालणार इथे. कायद्याने बारा महिन्यांच्या आत इथे नोंदणी करून कर भरावाच लागतो. त्या भानगडीत पडू नये.

वेळ कोणती चांगली? महिन्याचा शेवट, कारण सेल्समनचे टार्गेट. आणि माल तुंबलेला असेल तो काळ. डीलरांची संघटना 'फाडा' हिने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले होते की शोरूमकडे ८० ते ८५ दिवसांचा माल पडून आहे, जेव्हा संघटनेच्या मते २१ दिवसांचा पुरे. अशा वेळी गिऱ्हाइकाचे पारडे जड असते. डिसेंबरात सूट मोठी दिसते, पण जानेवारी उजाडताच गाडी कागदोपत्री एक वर्षाने जुनी होते. दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर तेवढी सूट विक्रीच्या वेळी परत जाते. दहा वर्षे वापरणाऱ्याने डिसेंबरात खुशाल घ्यावी.

बयाना, रोकड आणि पावती

बयाना थोडाच द्यावा. सौदा मोडला तर किती कापणार आणि किती दिवसांत परत देणार, हे बुकिंग फॉर्मवर लिहून घ्यावे. "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू" अशी ओळ तेथे असते, ती वाचल्याशिवाय सही करू नये. पैसे फक्त डीलरशिपच्या खात्यात भरावेत. सेल्समनच्या स्वतःच्या खात्यात किंवा त्याच्या मोबाइलवर पाठवलेल्या पैशाची जबाबदारी शोरूम घेत नाही, आणि तो नोकरी सोडून गेला की माणूस कुठे शोधणार?

एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. दोन-चार दिवसांत तुकडे करून दिल्यानेही सुटका होत नाही. साठवण घरात असेल तर ती हिशोबात दाखवून खरेदीच्या बऱ्याच आधी बँकेत आणावी. १० लाखांहून जास्त किमतीच्या गाडीवर शोरूम १ टक्का टीसीएस गोळा करते. तो आपल्या आयकरातून वळता होतो, त्यामुळे ते पैसे बुडत नाहीत, पण गाडी उचलण्याच्या दिवशी तेवढी रक्कम जास्त लागते.

नोंदणीपूर्वी गाडी पाहा

ही सूचना सर्वात महत्त्वाची. पूर्ण पैसे भरण्याआधी आणि गाडी तुमच्या नावावर चढण्याआधी गोदामात जाऊन तीच गाडी, तोच चेसिस नंबर, दिवसाच्या उजेडात पाहावी. नोंदणी झाल्यावर ओरखडा दाखवला तर शोरूम पॉलिश मारून देईल. आधी दाखवला तर दुसरी गाडी मागता येते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. गाडी अलीकडची सांगितली आणि चारही टायर वर्षभर जुने निघाले तर गाडी केव्हाची आहे ते विचारावे. विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते. ते कोटेशनच्या वेळीच विचारून ठेवावे. मीटरवरचे किलोमीटर जास्त असतील तर ती टेस्ट ड्राइव्हची गाडी तर नाही ना, हेही विचारावे.

धंद्याच्या नावाने घ्यावी का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, पूर्वी २८ टक्के आणि वर सेस होता. मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आहे. पण दुकानाचा जीएसटी नंबर दिला म्हणून मोटारीवरच्या कराची वजावट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही, कायद्यानेच ती बंद आहे. कंपनीच्या नावाने नोंदवली तर रस्ताकर २० टक्के बसतो. धंद्यात वापरलेल्या गाडीवर आयकरात १५ टक्के घसारा मिळतो. मात्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच मिळतो. तेव्हा "मार्चमध्ये घ्या, टॅक्स वाचेल" हे ऐकून धावू नये. भागीदारी पेढी असेल तर नोंदणी कोणाच्या नावाने करावी हे आधी आपल्या सीएला विचारावे.

ज्यांना घरच्यांपेक्षा तागे, बीम किंवा तयार माल जास्त न्यायचा आहे त्यांच्यासाठी हिशोब वेगळा आहे. टेम्पो, पिकअप अशा मालवाहू गाडीवरही जीएसटी आता २८ ऐवजी १८ टक्के आहे, आणि तो भरलेला कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला वजावटीत मिळतो. ५ लाख मूळ किमतीच्या गाडीवर ९०,००० रुपये होतात. बिलावर आपला जीएसटी नंबर बरोबर छापला आहे की नाही, एवढे शोरूमच्या काउंटरवरच पाहून घ्यावे.