प्लग लावायची वेळ

गाडीचा रंग नंतर बघू, आधी हे सांग: तू भाड्याने घेतलेल्या घराच्या गराजमध्ये भिंतीला आउटलेट आहे का? नसेल, तर शेव्हरोले व्होल्टचा नाद सोड आणि साधी हायब्रिड घे. प्लग न लावता व्होल्ट चालवायची म्हणजे जड बॅटरीचं ओझं उगाच वाहत फिरायचं. आउटलेट असेल तर मात्र स्वस्तात याहून शहाणी गाडी मिळणार नाही, हे तुझा मामा दहा हिवाळे मिशिगनात ती चालवून सांगतोय.

ही इथलीच पोर. डेट्रॉइट-हॅमट्रॅमकच्या कारखान्यात बनायची, 2019 च्या फेब्रुवारीत बंद केली. म्हणजे आता मिळेल ती जुनीच. त्यातही 2016 च्या पुढचीच घे. आधीच्या पिढीत चारच सीट आणि इंजिनाला महागडं प्रीमियम लागतं. पुढच्या पिढीत पाचवी सीट आहे, पण मधे बॅटरीचा उंचवटा, तिथे फक्त तुझी पर्स बसेल. दिसायला सेडान, पण मागचं दार काचेसकट वर उघडतं. पटेलांकडून आणलेली तांदळाची पोती मस्त मावतात.

एका चार्जवर कागदोपत्री 53 मैल. जानेवारीत ते पस्तीस-चाळिसावर येतात, घाबरू नकोस. निघायच्या आधी प्लग लागलेला असतानाच गाडी गरम करून घे, म्हणजे ती ऊब सगळी बॅटरीतून जात नाही. मग हीटर बारीक ठेवून सीट गरम करायचं बटण दाब, त्याला वीज फार कमी लागते. कडाक्याची थंडी पडली की चार्ज असतानाही इंजिन आपणहून सुरू होईल. गाडी बिघडली म्हणून मला रात्री फोन करू नकोस, तिची ती रीतच आहे.

तसंच, खूप दिवस इंजिन लागलंच नाही तर ते अधूनमधून स्वतःच थोडा वेळ चालतं, गॅस जुना होऊ नये म्हणून. (अजूनही माझ्या तोंडी पेट्रोलच येतं.) रोजचं जाणं-येणं चार्जवर होणार असेल तर टाकी पूर्ण भरूच नकोस, अर्धी पुरे. आणि भरताना झाकणाचं बटण दाबून जरा थांबायचं. टाकीतला दाब उतरल्याशिवाय ते उघडत नाही. पहिल्यांदा मी पंपावर खुळ्यासारखा ते ओढत बसलो होतो.

शिकागोला जाताना हायवेवर होल्ड मोड लाव. तिथे इंजिन पळू दे, बॅटरी शहरातल्या गर्दीसाठी राखून ठेव. गर्दीत एल गिअर टाकलास की पाय उचलताच गाडी मंदावते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते.

साध्या आउटलेटवर गाडी आधी 8 अँपियरच घेते, स्क्रीनवर 12 निवडलंस तर रात्रभरात भरते. पण घर जुनं आहे, म्हणून पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघ. चटका बसला तर 8 वरच ठेव आणि इलेक्ट्रिशियनला बोलाव. एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नको. संध्याकाळी देवापुढे दिवा लावतेस ना, त्याच वेळी प्लगही लाव, म्हणजे विसरणार नाहीस.

स्टेपनी नसते, पंक्चरचं सामान आणि पंप असतो, तो जागेवर आहे का बघ. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैल, यातलं जे आधी संपेल ते. तेव्हा गाडी पहिल्यांदा विकली गेल्याची तारीख विचार.

आणि खरी परीक्षा अशी: गाडी फुल चार्ज करून, चार्ज संपून इंजिन सुरू होईपर्यंत चालवायची, मग स्क्रीनवर किती युनिट वीज खर्च झाली ते वाचायचं. हो, आईच्या वीजबिलावरचं युनिट तेच. चौदाच्या आसपास आलं तर बॅटरी ठणठणीत, थंडीत थोडं कमी चालेल. फारच कमी आलं तर किंमत कितीही पाडली तरी घेऊ नकोस. विकणाऱ्याला आजच सांगून ठेव, शुक्रवारी रात्री प्लग लावून ठेवा म्हणावं. शनिवारी नऊला मी येतो. पन्नासेक मैल फिरायला लागेल, डब्यात पोहे घे.