रिकामी गाडी का उसळते? जुन्या पिकअपच्या पाट्यांविषयी थोडे शिकण्यासारखे



पावसाळ्यापूर्वी आपल्यापैकी एका कुटुंबाने सेवेच्या जुन्या पिकअपसाठी देणगी पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते, ‘गाडीचे पाटे वाढवून घ्या, म्हणजे ती घाटात मजबूत राहील.’ देणगी आभारपूर्वक स्वीकारली. पाटे मात्र वाढवले नाहीत, उलट मागचे दोन काढून टाकले. हे का केले ते देणगीदारांना सांगणे आमचे कर्तव्य आहे. शिवाय आपल्यापैकी कित्येकांच्या शेतावर किंवा दारात अशीच एखादी जुनी पिकअप, कमांडर नाही तर जीप उभी असेल, त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

आपली गाडी महिंद्राच्या जीपच्या घराण्यातली आहे. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप. चारही चाकांना लोखंडी पाटे, पुढे-मागे आडवा सरळ अॅक्सल, बाकी काही नाजूक काम नाही. म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होते. तिला रस्ते मात्र दोन टोकांचे मिळतात. पूर्वेला जत-आटपाडीकडचे पारधी वस्त्यांवर जाणारे कोरडे, खडीचे रस्ते, जिथे वर्षाचा पाऊस साधारण पाचशे मिलिमीटर. पश्चिमेला कराड, पाटण, कोयनानगर करत डोंगरातल्या कातकरी वस्त्यांकडे जाणारे रस्ते, आणि त्या पट्ट्यात नवजासारख्या ठिकाणी पाच हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस.

काही वर्षांपूर्वी धान्याची पोती वाहताना मागची बाजू फार बसते म्हणून आम्ही एका गॅरेजमध्ये मूळ पाट्यांवर दोन जाड पाटे चढवून घेतले होते. गाडी भरलेली असताना ताठ दिसू लागली आणि आम्ही खूश झालो. मग एकदा जूनच्या पहिल्या पावसात वस्तीवर धान्य उतरवून गाडी रिकामी परत येत होती. हेळवाकच्या अलीकडे एका वळणावर खड्डा लागला, मागची बाजू उसळली आणि बाजूला सरकली. मागचे चाक गटाराच्या काठावर येऊन थांबले. पुढे चालकबंधू आणि औषधांची पेटी मांडीवर घेतलेल्या सिस्टर बसल्या होत्या. दोघांना काही लागले नाही, देवाची कृपा. पण चालकबंधू म्हणाले, ‘भरलेली गाडी कधी घाबरवत नाही, रिकामीच घाबरवते.’ त्यांच्या या एका वाक्यावरून आम्ही शिकायला लागलो.

ज्यांनी मिरज स्टेशनबाहेरचे टांगे पाहिले आहेत त्यांना पाट्यांचे काम वेगळे सांगायला नको. बैलगाडीत प्रत्येक दगड कमरेला कळतो, टांग्यात तो पाट्यात जिरतो. पण पाटा वाकला तरच धक्का जिरतो, आणि तो वाकायला त्याच्यावर पुरेसे वजन लागते. दहा पोत्यांसाठी ताठ केलेल्या पाट्यांवर पोते एकही नसेल, तर खड्ड्यात पाटा वाकत नाही, सगळी मागची बाजूच वर उडते. त्या क्षणी टायर रस्त्यावर नसतो. आणि जो टायर रस्त्याला टेकलेला नाही त्याला ना ब्रेक लागतो, ना तो वळणावर गाडी धरून ठेवतो. कोरड्या सरळ रस्त्यावर हे खपून जाते, ओल्या वळणावर नाही.

यातला हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. सारख्या लांबीचे आणि जाडीचे सहा पाटे असतील आणि तसाच सातवा घातला, तर कडकपणा साधारण एक-षष्ठांशाने वाढतो. पण जाडी वाढवली तर कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. दीडपट जाडीचा एक पाटा एकटाच जुन्या तीन पाट्यांहून कडक होतो. ‘थोडा जाड टाकू’ म्हणणाऱ्याला बहुधा हे ठाऊक नसते. आम्हालाही नव्हते.

मग वजन वाहायचे कसे? त्यासाठी हेल्पर पाटा असतो. तो मुख्य पाट्यांच्या वर थोडी जागा सोडून बसवतात. गाडी रिकामी असताना तो कुठेच टेकत नाही. वजनाने मुख्य पाटे ठरावीक मर्यादेपर्यंत बसले की त्याची टोके चासीवरच्या टेकूला लागतात आणि तो भार घेऊ लागतो. आम्ही दोन जाड पाटे काढून कंपनीच्या मापाचा हेल्पर बसवला. बाकीचे पाटे सुटे करून गंज घासला, ग्रीस लावले. गंजाने एकमेकांना चिकटलेले पाटे एकाच जाड पट्टीसारखे वागतात. याच वेळी एका पाट्याला मधल्या भोकाजवळ केसाएवढी चीर सापडली. पाटे बहुतेक वेळा तिथेच तुटतात, म्हणून स्वतःची गाडी तपासताना तिथली धूळ पुसून पाहा. बदलायचे ते दोन्ही बाजूंचे मिळूनच बदला, नाही तर गाडी एका अंगाला झुकते.

देणगीतला मोठा भाग मात्र पाट्यांवर गेलाच नाही, तो शॉक अॅब्सॉर्बर आणि रबरी बुशांवर गेला. शॉक अॅब्सॉर्बर, ज्याला गॅरेजात शॉकअप म्हणतात, तो वजन पेलत नाही. पाटा एकदा हलला की झुलत राहतो, ते झुलणे थांबवणे एवढेच त्याचे काम. मिरजेचा सतारवादक तारेवर बोट ठेवून नाद थांबवतो, तसे. घरी पाहायचे असेल तर गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन लगेच शांत झाला तर ठीक, दोन-तीनदा झुलला किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेले दिसले तर तो संपला.

बुश म्हणजे पाट्याच्या दोन टोकांना, शॅकलमध्ये असलेली रबरे. किमतीने क्षुल्लक, म्हणून सगळ्यांत दुर्लक्षित. ती झिजली की अॅक्सल जागच्या जागी पुढे-मागे सरकतो आणि स्टिअरिंग सरळ धरले तरी गाडी भटकते. नवी बुशे बसवताना एक गोष्ट मेकॅनिककडे आग्रहाने मागा: शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी जॅकवर असताना नव्हे, चारही चाकांवर उभी असताना. लोंबकळत्या स्थितीत आवळले तर गाडी खाली टेकताच रबर पिळले जाते आणि काही महिन्यांत फाटते. आमची आधीची बुशे अशीच फाटली होती, आणि दोष मात्र आम्ही रस्त्याला देत होतो.

यू-बोल्टही पाहावेत. ते सैल झाले की मधला सेंटर बोल्ट तुटतो, अॅक्सल तिरका सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी वाकडी चालते. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवले आणि खटखट जाणवली तर किंगपिन किंवा बेअरिंग तपासा. डावी-उजवीकडे हलवून जाणवली तर टाय रॉडची टोके. हे सैल असताना नवे पाटे घालण्यात अर्थ नाही.

तरुण मंडळी लांब शॅकल घालून जीप उंच करतात. दिसायला छान, पण गुरुत्वमध्य वर जातो, स्टिअरिंगचे कोन बिघडतात आणि घाटात गाडी झुकते. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करायला मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 मनाई करते, हेही ध्यानात असू द्या. आणि मालवाहू पिकअपच्या मागे माणसे बसवू नयेत, मग ती सभेला जाणारी आपलीच मंडळी का असेनात.

काही गोष्टींना पैसेच लागत नाहीत. जड पोती खाली आणि मागच्या अॅक्सलच्या पुढे ठेवायची. मागच्या फळीजवळ वजन आले की पुढची चाके हलकी होतात आणि वळणावर गाडी ऐकत नाही. टायरमधली हवाही रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी कंपनीने वेगवेगळी सांगितलेली असते. भरलेल्या गाडीची हवा ठेवून रिकामी गाडी पळवली तर टायरच चेंडूसारखा उडतो. पूर्वी आम्ही एकदा हवा भरली की महिनाभर पाहत नसू. आता चालकबंधू गाडीत हवा मोजायचे मीटर आणि पायपंप ठेवतात. धान्य उतरवले की थोडी हवा सोडतात आणि पुढच्या खेपेला पोती चढवण्यापूर्वी पुन्हा भरतात.

दुरुस्तीनंतर गाडी त्याच रस्त्याने तीनदा जाऊन आली आहे. भरलेली असताना मागची बाजू पूर्वीपेक्षा थोडी जास्त बसते, हे मान्य करायला हवे, आणि त्यामुळे आम्ही एका खेपेची पोती कमी केली आहेत. यू-बोल्ट पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात. ते काम येत्या आठवड्यात आहे.