तुझी हत्यारांची यादी

चि. ओंकार यास,


तुझी यादी वाचली. आयटीआय संपताच स्वतःचं काम थाटतोयस, उत्तम. पण यादीत कापणारी यंत्रं भरपूर आणि धार लावायला एक दगड नाही. दुकानदार खूश होईल.

पहिली काट मार्बल कटरवर मारली आहे. स्वस्त पडतो म्हणून आपल्याकडे कितीतरी सुतार त्यालाच लाकडाचं पातं लावून प्लाय फाडतात. तो फरशीसाठी बनलेला आहे. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे आणि पात्याखाली आपोआप मिटणारं झाकण नाही. फळीतला ताण सुटून चीर मिटली, की पातं आवळतं आणि अख्खं यंत्र अंगावर उसळतं. सात इंची सर्क्युलर सॉ महाग आहे, पण फळीबाहेर येताच त्याचं खालचं झाकण मिटतं. इथे घासाघीस करू नकोस.

पटाश्यांचा बारा नगांचा सेट कशाला? 6, 12, 18 आणि 25 मिलिमीटर, एवढ्यावर दाराच्या चौकटीपासून टेबलापर्यंत सगळं होतं. चारच घे, पण चांगल्या पोलादाच्या. घेताना मूठ बघू नकोस, पाठ बघ. दुकानाच्या काचेवर पाठ टेकवून कोपरे दाब; डुगडुगली तर ठेवून दे. पुण्याच्या जुन्या बाजारात गंजकी शेफिल्डची पटाशी दिसली तर जरूर उचल, वरचा गंज घासून जातो. मात्र पाठीवर धारेलगत खड्डे असतील तर नको, तिथे धार तुटकीच येणार. टोकाला निळसर झाक असेल तरी नको. कुणीतरी ती ग्राइंडरवर तापवून पोलादाचं पाणी उतरवलेलं असतं.

आता दगड. सागात सिलिका असते, त्यामुळे धार भराभर जाते. जाड आणि बारीक अशा दोन बाजूंचा दगड आजच घे. 25 अंशांचा उतार काढायचा, टोकाला 30 चा. पाठीकडून बोट बाहेर सरकवलं की बारीक खरखर लागली पाहिजे, तीही धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती लागेपर्यंत बारीक बाजूकडे वळायचं नाही. मग पाठ सपाट ठेवून ती काढून टाकायची. रंध्याच्या पात्यालाही हेच. या दगडाइतकी वसूल होणारी खरेदी आपल्या धंद्यात मला दुसरी दिसलेली नाही.

गुण्या दुकानातच तपास. प्लायच्या सरळ कडेला टेकवून रेघ मार, मग उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मार. रेघा फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी खोट गुण्यात. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

राऊटरच्या बिटांची ती पेटी खोड. सरळ, गोलाईचं आणि बेअरिंगवालं, तीन सुटी घे. बाकीची लागतील तेव्हा, गिऱ्हाइकाच्या पैशातून. बॅटरीची यंत्रं मात्र सगळी एकाच कंपनीची घे. एकीची बॅटरी दुसरीला सहसा बसत नाही.

आणि क्लॅम्प तू लिहिलेच नाहीस! डिंक लावलेली फळी काय गुडघ्याने दाबून बसणार आहेस? खोडलेल्या यंत्रांच्या पैशात चार-चार फुटांचे निदान चार घे.

तुझा,
काका