कामाची जागा, सुरक्षित जागा : लैंगिक छळ रोखण्याबद्दल थोडा अभ्यास



निधी-संकलनाच्या स्मरणिकेत शाळा, दवाखाने, पाणी अशा विषयांवर लेख असतात. तिथे हा मथळा पाहून काहींच्या कपाळावर आठी पडेल. पण आपण दिलेले पैसे ज्या संस्थांपर्यंत पोहोचतात, तिथे शिक्षिका, परिचारिका, कार्यकर्त्या रोज राबतात. ती त्यांची कामाची जागाच आहे. शिवाय इथे अमेरिकेत आपण ज्या ऑफिसात जातो, तिथलाही हा प्रश्न आहे. म्हणून दोन्हीकडचे कायदे वाचून आम्हाला जे समजले ते सोप्या भाषेत मांडत आहोत. आम्ही संगणकवाले, वकील नव्हे. प्रत्यक्ष वेळ आली तर वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा.

छळ म्हणजे नेमके काय?

यातला कळीचा शब्द आहे 'नकोसे'. भारतीय कायद्यात पाच गोष्टी सांगितल्या आहेत : नकोसा स्पर्श किंवा लगट, शरीरसंबंधाची मागणी, अश्लील शेरेबाजी, अश्लील चित्रे वा चित्रफिती दाखवणे, आणि याच प्रकारचे दुसरे कोणतेही नकोसे वागणे, मग ते बोलून असो वा खाणाखुणांनी. 'अहो, मी गमतीने म्हणालो' हे उत्तर आपण सर्वांनी ऐकलेले असते. पण करणाऱ्याला गंमत वाटली का, हा प्रश्नच नाही. समोरच्या व्यक्तीला ते हवे होते का, हा प्रश्न आहे.

एका साथिनीपासून सुरुवात

भारतातला हा कायदा मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून आला असे पुष्कळांना वाटते. तो आला राजस्थानातल्या भटेरी गावातून. भँवरीदेवी तिथे राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होत्या. १९९२ साली त्यांनी एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबवण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिले.

महिला संघटना मात्र 'विशाखा' या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामामुळे बाईवर संकट आले, तर काम देणाऱ्याची जबाबदारी काय, असा त्यांचा सवाल होता. १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने 'विशाखा मार्गदर्शक तत्त्वे' घालून दिली. त्या खंडपीठात न्या. सुजाता मनोहर होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. पुढे २०१३ मध्ये संसदेने कायदा केला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला.

भारतातला कायदा काय सांगतो?

दहा किंवा जास्त माणसे काम करत असतील तिथे अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. अध्यक्ष त्याच ठिकाणची वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाही इतक्या महिला सदस्य, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. नावे गुप्त ठेवायची. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. ट्रस्ट आणि स्वयंसेवी संस्था यात येतात, आणि बिनपगारी काम करणाऱ्या कार्यकर्त्याही येतात.

दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घरकाम करणाऱ्या बायकांसाठीही तीच. सुट्टीत पुण्या-मुंबईला गेल्यावर आपल्या घरी येणाऱ्या मावशींना हे ठाऊक आहे का, एवढे विचारायला हरकत नाही.

कायदा कागदावर राहतो ही तक्रार मात्र खरी. २०२३ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयानेच अंमलबजावणीतल्या त्रुटींबद्दल नाराजी नोंदवली.

इथे अमेरिकेत

इथला आधार १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण. १५ किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना ते लागू आहे. बऱ्याच राज्यांचे कायदे याहून कडक आहेत. लैंगिक छळाने कामाचे वातावरण विषारी होणे हाही भेदभावच, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मान्य केले. भारतीय कायदा स्त्रियांपुरता आहे. इथला पुरुषांनाही संरक्षण देतो.

मुदत नीट लक्षात ठेवा. समान रोजगार संधी आयोगाकडे १८० दिवसांत, बहुतेक राज्यांत ३०० दिवसांत, तक्रार करावी लागते. कंपनीत आधी तक्रार केली म्हणून हे घड्याळ थांबत नाही.

आपल्याकडे आणखी एक भीती असते ती व्हिसाची. तोंड उघडले तर नोकरी जाईल, आणि एच-१बी वर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी सोय पाहावी लागते. भीती खोटी नाही. पण तक्रार केली म्हणून सूड उगवणे हेही वेगळे बेकायदेशीर कृत्य धरले जाते, आणि कायद्याचे संरक्षण व्हिसा कुठला आहे यावर अवलंबून नाही. म्हणून तक्रार तोंडी न ठेवता लेखी करा. तारीख, वेळ, जागा, शब्द, कोण हजर होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. आलेले निरोप पुसू नका. आणि आपण नुसते साक्षीदार असू, तर नंतर त्या व्यक्तीला गाठून 'मी पाहिले, मी सांगेन' एवढे म्हणा. त्या एका वाक्याचा आधार फार मोठा असतो.

देणगीदारांनी विचारायचे चार प्रश्न

१. संस्थेत अंतर्गत समिती आहे का? बाहेरच्या सदस्य कोण?
२. समितीची माहिती मराठीत, सगळ्यांना दिसेल अशी लावली आहे का?
३. शेवटचे प्रशिक्षण कधी झाले?
४. वार्षिक अहवालात तक्रारींची संख्या दिली जाते का?

'आमच्याकडे शून्य तक्रारी' हे उत्तर ऐकून लगेच खूश होऊ नये. ज्या सॉफ्टवेअरमध्ये एकही बग नोंदला जात नाही ते निर्दोष असतेच असे नाही. कधी कधी नोंदवायची सोयच नसते. आपण संस्थापकांना ताई-दादा म्हणतो, त्यांच्या पाया पडतो. तिथे काम करणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला त्यांच्याविरुद्ध बोलणे किती जड जाईल याचा विचार करा. समिती हवी ती तिच्यासाठी.

प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. हिशेब आपण मागतोच ना! छोट्या संस्थेकडे समिती नसेल तर देणगी थांबवू नका, प्रशिक्षणाचा खर्च उचला. आणि हेच प्रश्न आपल्या मंडळालाही विचारा. गणपतीच्या तालमींना आपल्याच मुली स्वयंसेवक म्हणून येतात. त्यांनी तक्रार कुणाकडे करायची, ते नाव पुढच्या कार्यक्रमाआधी ठरलेले असावे.